इंजिन घरी बांधलं, आता क्लच रोज नवी तक्रार काढतोय

इंजिन सुरू झालं, धूर थांबला, शेजाऱ्यांनी बॉनेटखाली डोकावून कौतुकही केलं. आणि आठ-पंधरा दिवसांत क्लचनं डोकं वर काढलं. कधी रिव्हर्स टाकताना खर्र वाजतं, कधी पेडल इतकं कडक की गुडघा दुखावा. केबल बदलली की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या मारुती ८०० आणि ओम्नी अजून फिरतात. ८०० बनणं २०१४ मध्ये थांबलं, पण इंजिन साधं आणि पार्ट मिळतात, म्हणून अंगणात रिंगा-बेअरिंगचं काम करायला माणसं धजतात. त्यात गैर काही नाही. घोळ होतो तो पुढं. क्लच बिघडला म्हणजे प्लेटच (इंजिनचा जोर गिअरबॉक्सला देणारी अस्तराची तबकडी) गेली असं धरून गिअरबॉक्स दुसऱ्यांदा खाली येतो, नवा क्लच सेट पडतो, आणि दोष होता तिथंच राहतो.

इंजिनाच्या कामानंतर परत परत येणारी क्लचची तक्रार पुष्कळदा क्लचच्या बाहेरची असते. इंजिन उचलताना जे सोडलं, हलवलं, रंगवलं किंवा परत लावायचं राहिलं, ते आधी बघायचं. गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. खालचं बहुतेक सगळं केबलच्या क्लचबद्दल आहे, हायड्रॉलिकचं मध्ये थोडक्यात सांगतो.

तक्रार नेमकी कोणती?

"क्लच खराब झालाय" एवढ्यानं कुणालाच काही कळत नाही. मेस्त्रीकडे जायचं असलं तरी आधी हे ठरवून जा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर हलके पडतात, पण चालू इंजिनावर पडत नाहीत किंवा खरखरतात, म्हणजे क्लच कट होत नाही, पेडल दाबूनही प्लेट इंजिनपासून सुटत नाही. खात्रीसाठी गाडी न्यूट्रलला आणि आयडलवर ठेवा, पेडल पूर्ण दाबा, मनात दहा मोजा आणि मग रिव्हर्स टाका. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणारी रिंग) नसतो, त्यामुळे घाईनं टाकला तर चांगल्या क्लचवरही वाजतो. दहा मोजूनही वाजला तर प्लेट अजून फिरतेय.

इंजिन रेस होतं पण गाडी ओढत नाही, चढावर आवाज वाढतो आणि वेग तेवढाच राहतो, म्हणजे क्लच घसरतोय. सपाट रस्त्यावर हे लवकर कळत नाही. वंटमुरीच्या किंवा तवंदीच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की लगेच कळतं. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरला क्लच सोडून बघायची पद्धत आहे, त्यात इंजिन बंद पडायला हवं. पण ती एकदाच करा. चार मित्रांना दाखवण्यासाठी चार वेळा केली तर बरी असलेली प्लेटही जळेल.

गाडी जागेवरून निघताना अंग थरथरतं, डॅशबोर्ड वाजतो, आणि एकदा चालू लागली की सगळं शांत, हा तिसरा प्रकार. यात प्लेटइतकाच इंजिन माउंटिंगचा संशय धरायचा.

पेडल आणि केबल

पेडल हातानं हळूच दाबा. सुरुवातीला थोडं मोकळं जाऊन मग ताण लागला पाहिजे. छोट्या गाड्यांत ही ढील साधारण १५ ते २५ मिमी असते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात बघा. ढील जास्त असेल तर क्लच पूर्ण कट होत नाही. अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर पुढं सरकणारं) प्रेशर प्लेटवर (प्लेटला दाबून धरणारं कव्हर) कायम टेकून राहतं, क्लच घसरतो आणि बेअरिंगही लवकर जातं. नवी प्लेट जाड असते, त्यामुळे जुन्या प्लेटवर केलेलं ॲडजस्टमेंट तसंच ठेवून चालत नाही.

नट फिरवून ढील जमत नसेल, आटे संपले तरी क्लच कट होईना, तर गिअरबॉक्सच्या बाहेरचा आर्म, म्हणजे केबल ज्याला ओढते तो दांडा बघा. ज्या गाड्यांत तो दातेरी शाफ्टवर बोल्टनं आवळलेला असतो, तिथं काढून लावताना एखादा दात इकडचा तिकडं होतो. शाफ्टवर आणि आर्मवर बहुधा पंचची खूण असते, दोन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. आर्मचा कोन चुकला की पेडलचा अर्धा प्रवास वाया जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आत प्लेट चिकटली.

केबल कुठून जाते तेही बघा. इंजिन परत बसवताना ती एक्झॉस्टला घासून, नाही तर बॅटरी ट्रेखाली दाबून जाते. वळण मोठं आणि मोकळं हवं.

केबल परत परत कडक होते किंवा तुटते

इथं जरा थांबून वाचा, कारण हा दोष कुणी क्लचमध्ये शोधला तर जन्मभर सापडणार नाही.

उचगावकडच्या एका पोराच्या ८०० मध्ये नेमकं हेच चाललं होतं. "काका, केबल नवीन घातली की ओ. सकाळी लोण्यागत चालते, शनिवारचा बाजार करून येईपर्यंत कडक." बाजारात काय होतं? गाडी चार ठिकाणी थांबते, चार वेळा सेल्फ मारला जातो. ज्या दिवशी तो सरळ गावाहून कामावर आणि कामावरून गावी जायचा, त्या दिवशी पेडल बरं असायचं. गाडी किती किलोमीटर चालली याच्याशी केबलचा संबंध नव्हता, सेल्फ किती वेळा मारला याच्याशी होता. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी उरलेल्या नटबोल्टच्या डब्यात पडली होती.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसतात, आणि रबरातून वीज जात नाही. सेल्फची मोटर चालते तेव्हा छोट्या गाडीतही शंभर अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो, आणि तो इंजिनच्या धातूतून बॅटरीच्या वजा टोकाला परत गेला पाहिजे. त्यासाठी जाड वायर किंवा विणलेली पट्टी असते. ती लावायची राहिली, सैल राहिली किंवा गंजली की प्रवाह मिळेल ती वाट धरतो. इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारं धातूचं दुसरं काय आहे? क्लचची केबल, एक्सलरेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. ही बारीक तार प्रत्येक सेल्फला तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटतं, आणि पेडल कडक होतं. नवी केबल टाकली की काही दिवस बरं वाटतं, कारण नवं अस्तर वितळायला तेवढा वेळ लागतो.

सोबतच्या खुणाही असतात. सेल्फ सुस्त फिरतो म्हणून बॅटरीला नावं ठेवली जातात. एक्सलरेटरही जड होतो. दोन-तीनदा सेल्फ मारून लगेच केबलच्या टोकाला हात लावला तर ती गरम लागते. हात जपून लावा, चटका बसेल इतकीही तापू शकते.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळं टोक बॅटरीच्या वजा खांबावर (क्लॅम्पवर नको, खांबावरच), लाल टोक इंजिनच्या रंग नसलेल्या, स्वच्छ धातूवर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत दिसलं तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग कच्चं आहे. मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या वजाला आणि दुसरं थेट इंजिनला लावून सेल्फ मारा. फिरण्यात फरक पडला की दोष सापडला.

पट्टी जागेवर असूनही दोष असतो, तेव्हा रंगाचा संशय घ्या. इंजिन बांधल्यावर सगळं चांदीच्या रंगानं चकचकीत करायची आपल्याकडे फार हौस. ब्रॅकेट, ब्लॉक, बॉडीवरचा अर्थचा पॉइंट, सगळ्यावर रंग बसतो आणि वायरचं टर्मिनल रंगावर आवळलं जातं. रंग खरवडून धातू उघडा करा, स्टार वायसर घाला, आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा, म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. वायर नवी घ्यायची तर २५ स्क्वेअर मिमीची घ्या. घरच्या वायरिंगची उरलेली वायर इथं चालत नाही. आणि हे सगळं झाल्यावरच नवी केबल टाका.

क्लच दाबला की इंजिन मंदावतं

हा दोष कमी वेळा दिसतो, पण दिसला तर गाडी तिथंच उभी करायची. क्लच दाबताना रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटला ढकलतं, आणि तो जोर फ्लायव्हीलमधून (क्रँकच्या टोकाचं जड चाक, ज्यावर क्लच बसतो) क्रँकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टला, लांबीच्या दिशेनं बसतो. तो झेलायला एका मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना अर्धगोल थ्रस्ट वायसर असतात. घरी खालचं काम करताना ते घालायचे राहतात, नाही तर उलटे बसतात. तेल जाण्याच्या खाचा क्रँकच्या बाजूला हव्यात, ब्लॉकच्या बाजूला नकोत. वायसर नसले किंवा झिजले की क्रँक पुढंमागं सरकतो, क्लचची ढील आपोआप बदलत राहते, पेडल दाबल्यावर आयडल पडतं, कधी इंजिन बंदच होतं.

इंजिन बंद ठेवून एकानं पेडल दाबायचं आणि सोडायचं, दुसऱ्यानं क्रँकची पुली बघायची. इथली मोकळीक मिमीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे नुसत्या डोळ्यांना पुली जवळपास स्थिर दिसायला हवी. ती स्पष्ट आत-बाहेर होताना दिसली तर ॲडजस्टमेंटचा नाद सोडा. इंजिन परत खालून उघडावं लागेल, आणि ते लवकर केलं तर ब्लॉक वाचेल.

हायड्रॉलिक क्लच असेल तर

जीपसारख्या मोठ्या गाड्यांत आणि बऱ्याच नव्या गाड्यांत केबल नसते. तिथं तेलाच्या दाबानं क्लच ढकलला जातो. गिअरबॉक्स सोडताना बाहेरचा स्लेव्ह सिलिंडर (क्लच ढकलणारा छोटा पिस्टन असलेला) बाजूला लटकत ठेवलेला असतो आणि तेवढ्यात घरातलं एखादं पोर सीटवर बसून पेडल मारतं. पिस्टन बाहेर येतो, तेल सांडतं, आत हवा शिरते. मग पेडल पंप करत राहिलं तर क्लच कट होतो, नाही तर नाही. एअर काढा. रबराची सील फाटली असेल तर सील बदला. गाडीत सांगितलेलाच ब्रेक फ्लुइड घाला, इंजिन ऑइल चुकूनही नको, सगळी रबरं फुगतात.

पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूचा पाऊस सांगायला नको. जूनमध्ये उघडलेलं इंजिन गणपतीला बांधून होतं, आणि तोवर गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ओल खात उभी असते. फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटते. इथं सगळं बरोबर बसलेलं असतं, फक्त क्लच कट होत नाही.

आधी सौम्य उपाय. पेडल पूर्ण दाबून लाकडाची फळी सीटला टेकवून रात्रभर तसंच ठेवा. कधी कधी सकाळी प्लेट सुटलेली असते. नाही सुटली तर मोकळं मैदान शोधा, पुढं माणूस, जनावर, भिंत काही नको. इंजिन न्यूट्रलला गरम करून बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये पेडल दाबून सेल्फ मारा, गाडी धक्क्यानं निघेल. पेडल दाबलेलंच ठेवून थोडी रेस द्या आणि सोडा, ब्रेकला हलका पाय लावा. प्लेट सुटली की लगेच कळतं. दोन-चार प्रयत्नांत नाही सुटली तर सोडून द्या, गिअरबॉक्सवर जास्त जोर नको. हे रस्त्यावर करू नका, कितीही मोकळा वाटला तरी.

आता गिअरबॉक्स

वरचं सगळं बघून झालं आणि तक्रार तशीच असेल तर खाली उतरवावाच लागेल. गाडी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. आपल्याकडे जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी टेकवतात. चिरा भिंतीत चांगला असला तरी एका टोकावर भार आला की सूचना न देता फुटतो. बॅटरीची वजा वायर आधी सोडा. बेल हाउसिंग (क्लच झाकणारा गिअरबॉक्सचा घंटेसारखा भाग) उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचा, ओल्या फडक्यानं पुसा.

उतरवता उतरवताच बघायची गोष्ट म्हणजे डॉवेल. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवणाऱ्या या पोकळ पिना ब्लॉक धुताना निघून पडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. त्या नसल्या तर बोल्ट आवळले तरी दोन्ही शाफ्ट एका रेषेत येत नाहीत. नवी प्लेटही काही दिवसांत मधल्या हबजवळ सैल होते, थरथर सुरू होते, आणि दोष प्लेटच्या माथी जातो.

प्लेट उलटी बसलीय का बघा. बहुतेक प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असते. छापलेली नसली तर हबचा लांब, स्प्रिंगचा भाग सहसा गिअरबॉक्सकडे असतो. उलटी बसलेली प्लेट फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासते आणि कधीच कट होत नाही.

प्लेट वाकडी होण्याचं कारण बसवण्यात असतं. दोघं जण गिअरबॉक्स वर धरून शाफ्ट प्लेटमध्ये घालतात, एकाचा हात भरून येतो आणि सगळं वजन हबवर लटकतं. खाली जॅक हवाच. तसंच शेवटची बोटभर फट बोल्ट आवळून मिटवू नका. फट मिटत नसेल तर स्प्लाईन (शाफ्टवरचे लांब दाते) जुळलेली नाही. वरच्या गिअरला टाकून क्रँकची पुली किंचित फिरवा, शाफ्ट आपोआप आत जातो. सेंटरिंगसाठी जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाही तर लाकडाच्या दांड्यावर टेप गुंडाळून जाडी जमवली तरी चालतं.

प्लेटवर तेल दिसलं तर कुठलं आहे ते ओळखा. काळं आणि पातळ असेल तर इंजिनचं, म्हणजे क्रँकचं मागचं ऑइल सील. दाट आणि उग्र, गंधकासारख्या वासाचं असेल तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. इंजिनवर हजारो रुपये घालून मागचं सील मात्र जुनंच ठेवणारे खूप बघितले. त्याची किंमत बघितली तर हसू येईल. तेल लागलेली प्लेट पेट्रोलनं धुवून परत वापरू नका, अस्तरात मुरलेलं तेल गरम झालं की परत बाहेर येतं. नव्या प्रेशर प्लेटवर गंजरोधक तेल असतं, ते आणि फ्लायव्हीलचा चेहरा थिनर किंवा ब्रेक क्लीनरनं पुसून मगच बसवा. स्प्लाईनला ग्रीस लावायचं ते बोटाला लागेल इतकंच. जास्तीचं फिरून प्लेटवर उडतं.

प्लेट जुनीच ठेवायची असेल तर रिव्हेटची डोकी अस्तराच्या किती आत आहेत ते बघा. अर्धा मिमी किंवा कमी उरलं असेल तर ती गेली. नवी घेताना जुनी सोबत न्या आणि दुकानातच ताडून बघा, व्यास आणि स्प्लाईनचे दात दोन्ही. शाफ्ट हाताशी असेल तर त्यावर सरकवूनच घ्या. ८०० मध्येही चार गिअरवाली, पाच गिअरवाली, कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय (इंजेक्शनवाली) असे प्रकार आहेत. नुसतं "८०० चा क्लच द्या" म्हणून बेळगावला काय आणि कोल्हापूरला काय, भलतंच हाती येऊ शकतं.

फ्लायव्हीलवर निळे डाग, तडे किंवा खाच असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर मारून मिळेल. पण तिथं एक गोष्ट स्पष्ट सांगा. घासणारा चेहरा आणि प्रेशर प्लेट बसते ती कड यांच्या उंचीत फरक असेल तर दोन्हीकडून सारखंच मटेरियल काढायचं. एकाच बाजूनं काढलं तर दाब बदलतो, आणि नव्या सेटवरही क्लच घसरतो किंवा कट होत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. एका बाजूनं पूर्ण आवळत गेलं तर कव्हर वाकतं. फ्लायव्हीलच्या बोल्टांना पुस्तकातला टॉर्क द्या, टॉर्क पाना भाड्यानं आणावा लागला तरी चालेल.

थरथरीची तक्रार असेल तर बंद करण्याआधी माउंटिंगची रबरं हातानं हलवून बघा. फाटलेलं माउंटिंग गाडी जागेवरून निघताना इंजिनला झोल देतं, त्या झोलानं क्लचची केबल ओढली-सोडली जाते आणि थरथर आणखी वाढते. नवी प्लेट घालून हे बरं होत नाही.

पहिले काही दिवस

नवी प्लेट बसली की पहिले काहीशे किलोमीटर तिला चढ आणि भार दाखवू नका. थेट चोर्ला घाटातून गोव्याला निघू नका. निपाणी-चिकोडीच्या बाजूला असाल आणि ऊस तोडीचा हंगाम असेल, तर दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागं अर्ध्या क्लचवर सरपटू नका. पूर्ण थांबा, न्यूट्रल करा, अंतर पडू द्या. अस्तर बसत जाईल तशी पेडलची ढील कमी होत जाते, म्हणून आठवडाभरानं इंजिन गार असताना ती परत मोजा आणि नट जुळवा. त्याच वेळी मीटरनं अर्थिंगही एकदा बघून घ्या, आणि बेल हाउसिंगच्या खाली तेलाचा थेंब जमलाय का तेही.